साहेब आल्यावरच उद्रेक होईल

२७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन आणि लगेच २८ला राष्ट्रीय विज्ञान दिन. ही लागोपाठची सोय ज्याने केली त्याने शाळांवर आणि मंडपवाल्यावर मोठे उपकार केले आहेत. मंडप मोडायचा नाही, खुर्च्या हलवायच्या नाहीत. कुसुमाग्रजांची तसबीर उतरवायची, रामन यांची ठेवायची. हार तोच चालतो, जरा पाणी मारलं की. पाहुणेही तेच. काल ‘माय मराठी’ म्हणताना गहिवरलेले साहेब आज ‘हे युग विज्ञानाचं’ असं ठणकावून मोकळे होतात. त्याआधी मुहूर्त पाहून नारळ फुटलेला असतोच.

भाषणात साहेब हमखास ‘रामन यांच्या जयंतीनिमित्त’ म्हणतात. रामन जन्मले ७ नोव्हेंबरला. पण साहेबांना दोष कसा द्यायचा? तारीख जयंती नाही, पुण्यतिथीही नाही, चक्क एका प्रयोगाची आहे, हे आपल्या पचनी पडायला जडच. पदार्थातून विखुरलेल्या प्रकाशाचा अगदी थोडा भाग रंग बदलून बाहेर येतो, हा शोध रामन यांनी १९२८ साली कोलकात्यात जाहीर केला. सोबत कृष्णन होते. दोन वर्षांत नोबेल आलं. उपकरणांचा खर्च दोनशे रुपयांच्या आसपास सांगतात. आपल्याकडे तेवढ्यात शाल येते, श्रीफळाचे वेगळे पडतात.

हा गृहस्थ त्याआधी दहा वर्षं सरकारच्या अर्थखात्यात होता. ऑफिसच्या आधी पहाटे आणि ऑफिस सुटल्यावर रात्री प्रयोगशाळेत जायचा, आणि नवल म्हणजे ती उघडी असायची! आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेची किल्ली ज्या सरांकडे, ते सर मतदार याद्यांच्या कामावर. काचेची उपकरणं कपाटात सुरक्षित आहेत. मुलांची एकही पिढी त्यांच्यापर्यंत पोचू शकलेली नाही.

प्रदर्शन मात्र झोकात होतं. इंजेक्शनच्या सिरिंजांचा जेसीबी होता, थर्माकोलची पवनचक्की होती, आणि खायचा सोडा व व्हिनेगर घातला की फसफसणारा ज्वालामुखीही. साहेब दोन तास उशिरा आले, तोवर ज्वालामुखीला शांत राहण्याची सक्त ताकीद होती. सातवीतल्या एका मुलीने विचारलं, “बाई, सोड्याऐवजी चुना घातला तर फसफसेल का?”

प्रश्न रामन यांना आवडला असता. बाई म्हणाल्या, “साहेबांच्या कपड्यांवर उडालं म्हणजे?”

चुना बाजूला राहिला. मुलीला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं, नीटनेटक्या अक्षराबद्दल.

खरं तर याच दिवशी नारायणगावाजवळ खोडदला जायला हवं. तिथल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या तीस अवाढव्य तबकड्या आहेत, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. विज्ञान दिनाला त्या लोकांसाठी खुल्या असतात; गावोगावची पोरं तिथे शास्त्रज्ञांना थेट प्रश्न विचारतात. मी हे मुख्याध्यापकांना सुचवलं. त्यांना पटलंही. मग कळलं की आकाशातून येणारे संदेश फार क्षीण असल्याने त्या आवारात मोबाइल बंद ठेवावा लागतो.

मोबाइल बंद तर फोटो कसे काढणार? आणि फोटोंशिवाय अहवाल वर पाठवायचा कसा? शैक्षणिक सहल यंदाही महाबळेश्वरला गेली.