पहाटेचे पोस्टग्रॅज्युएट

पहाटे साडेचारला कोल्हापुरात कोण जागं असतं हे ठरलेलं आहे. तालमीत जोर मारणारे पैलवान, गंगावेशीकडे म्हशी हाकत निघालेले गवळी आणि खर्ज लावून बसलेला एखादा गवई. अलीकडे त्यांत एका नव्या जमातीची भर पडली आहे. कानटोपीवर हेडफोन चढवून लॅपटॉपला ‘गुड इव्हनिंग’ म्हणणारे सर.

सर म्हणजे संगीतात एम.ए. झालेले, दिवसा शाळेत, संध्याकाळी राजारामपुरीत हार्मोनियमच्या क्लासला आणि लग्नसराईत ऑर्केस्ट्राच्या कीबोर्डवर सापडणारे गृहस्थ. उरलेल्या वेळात, म्हणजे झोपेच्या, ते बॉस्टनच्या ऑनलाइन वर्गात ‘म्युझिक टेक्नॉलॉजी’ शिकतात. बॉस्टनला संध्याकाळचे सात वाजले की इथे साडेचार होतात. हिवाळ्यात तिकडची घड्याळं मागे सरकतात आणि सरांना एक तास झोप जास्त मिळते. अमेरिकेने त्यांच्यावर केलेला हा एकमेव उपकार.

पहिला अपमान तंबोऱ्याचा झाला. मिरजेच्या तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ही माहिती देऊन सरांनी कॅमेऱ्यापुढे तारा छेडल्या. तिकडे चिडीचूप! सतत एकसुरी चालणारा आवाज पंख्याचा समजून गाळायचा, हा व्हिडिओ कॉलचा धर्म. मूळ आवाज तसाच जाऊ देणारी सेटिंग सापडली, तेव्हा तंबोऱ्याबरोबर शेजारची पिठाची गिरणीही बॉस्टनला पोचली.

मग मिडी आलं. १९८३ साली वेगवेगळ्या कंपन्यांची वाद्यं एकमेकांशी बोलू लागावीत म्हणून ठरलेली ही भाषा स्वरांना शून्य ते एकशे सत्तावीस असे नंबर देते. मधल्या सप्तकाची काळी एक म्हणजे एकसष्ट. सरांच्या डोक्यात हे इतकं भिनलं की ऑर्केस्ट्राच्या एका कार्यक्रमाच्या तालमीत त्यांनी गायिकेला सगळ्यांदेखत विचारलं, “ताई, तुमचं एकसष्टच ना?” ताईंनी अजून पन्नाशी ओलांडलेली नव्हती. त्या कार्यक्रमाला दुसरा कीबोर्डवाला आला.

शाहू महाराजांच्या दरबारचे अल्लादिया खाँसाहेब आयुष्यभर ध्वनिमुद्रणापासून लांब राहिले. त्यांची एकही तबकडी नाही, तरी जयपूर-अत्रौली घराणं गळ्यागळ्यांतून पुढे गेलं. सरांचा खाक्या उलटा. कुकरची शिट्टीसुद्धा ते सेकंदाला अठ्ठेचाळीस हजार नमुने घेऊन जपतात. हार्ड डिस्क भरली आहे. घराण्याचं अजून काही ठरत नाही.

खरा कहर फुग्यांनी केला. एखाद्या वास्तूत फुगा फोडून त्याचा घुमारा टिपला, की संगणक तोच घुमारा कुठल्याही आवाजाला चढवू शकतो, हे एका धड्यात आलं. सरांना आधी आठवलं केशवराव भोसले नाट्यगृह. शाहू महाराजांनी १९१५ साली पॅलेस थिएटर म्हणून उभारलेलं ते नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळालं. इतकी वर्षं तिथे साथ केली, पण एक फुगा फोडायचं सुचलं नाही, म्हणून सर दोन दिवस जेवले नाहीत. (याबाबतीत त्यांना हसू नये. इमारत पुन्हा उभी राहते, जुना घुमारा मात्र कुठल्याच नकाशात नसतो.)

त्यानंतर गावात जिन्याखाली, मंगल कार्यालयात, बोळात धडाम्‌ आवाज झाला की लोक ओळखू लागले. “सर, कुणाचा वाढदिवस?” तालमीतली पोरं विचारायची, आणि सर गंभीरपणे म्हणायचे, “गप्प! शेपटी येऊ दे.” शेपटी म्हणजे विरत जाणारा घुमारा, हे पोरांना कोण सांगणार?

शेवटी स्वारी पन्हाळ्याला गेली. अंबरखान्याच्या तीन कोठारांपैकी गंगा कोठी सगळ्यात मोठी. पंचवीस हजार खंडी धान्य मावेल एवढी. बाईसाहेब पिठलं-भाकरीच्या ओढीने आल्या होत्या. त्यांच्या हातात फुगे देण्यात आले. “अहो, लोक बघतायत,” एवढंच त्या म्हणाल्या आणि तेही रेकॉर्ड झालं.

घरी आल्यावर सरांनी गंगा कोठीचा घुमारा पहिल्यांदा चढवला तो कुकरच्या शिट्टीवर. स्पीकर पूर्ण सोडला. माजघरातून आईचा आवाज आला, “आरं, एवढा भात कुणासाठी लावलाय?”