नेटवाला भाऊ

नेटवाला भाऊ तालुक्याच्या प्रत्येक गावी असतो, तसा बाभुळगावातही असतो. वय पंचवीस ते चाळीस. शिक्षण आयटीआय, किंवा मध्येच सोडलेली पदविका. दुचाकीच्या डिक्कीत क्रिम्पिंगचा चिमटा, कनेक्टरांची पुडी, गुंडाळलेली केबल आणि एक राउटर. हा राउटर कुणाकडून तरी ‘जळाला’ म्हणून काढून आणलेला असतो आणि पुढे चालू निघतो. यवतमाळ ते धामणगाव रेल्वे या रस्त्यावर वायफाय जिथे जिथे अडते, तिथे तिथे तो पोहोचतो. त्याचे नाव फारसे कोणाला ठाऊक नसते. काम अडले की तो ‘भाऊ, येता का जरा’ असतो. बिल द्यायची वेळ आली की ‘तो नेटवाला’.

तुटलेली केबल, सीसीटीव्ही, रुसलेला प्रिंटर ही कामे तो झकास करतो. त्याची खरी परीक्षा इंटरनेटवरचा फोन घेतो. एखाद्या पतसंस्थेला किंवा जिनिंगला शाखा-शाखांत फुकट बोलायचे असते, म्हणून स्वतःचे फोनचे सर्व्हर बसवले जाते. घंटी वाजते, फोन उचलला जातो आणि मग मुनीम ओरडतो : “इकडचा आवाज तिकडं जाऊन राह्यला भाऊ, तिकडचा काऊन नाही येऊन राह्यला?”

या एकतर्फी आवाजाचे कारण जुने आहे आणि पुस्तकात छापलेले आहे. इंटरनेट फोनचे काम दोन भागांत चालते. कोणाला लावायचा, कोणी उचलला, कोणत्या पत्त्यावर बोलायचे, हे सिप नावाची पद्धत ठरवते. तिचे आजचे प्रमाण २००२ सालचे. (भारतात इंटरनेट टेलिफोनीला परवानगी मिळाली तीही त्याच वर्षी, १ एप्रिलला.) सिपचा ठरलेला पोर्ट ५०६०, कूटबद्ध असेल तर ५०६१. प्रत्यक्ष आवाज मात्र आरटीपी या दुसऱ्या पद्धतीने, प्रत्येक कॉलला नव्याने निवडलेल्या भलत्याच पोर्टवरून येतो. ॲस्टेरिस्क या मोफत सर्व्हरच्या नमुना-मांडणीत ही निवड १०,००० ते २०,००० यांमधून होते. म्हणजे सोयरीक जुळवणारा पुढच्या दाराने येऊन सगळे ठरवून जातो आणि वरात मागच्या दाराशी खोळंबते, कारण तिथल्या राखणदाराला कोणी सांगितलेलेच नसते. भरीला भर म्हणून फोन आपल्या निरोपात कार्यालयाच्या आतला, १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता लिहून पाठवतो. बाहेरच्या जगात त्या पत्त्याला काही अर्थ नसतो.

भाऊंचे उपचार क्रमाने तीन. पहिला, राउटर बंद करून चालू करणे. दुसरा, संगणकाची फायरवॉल बंद करणे. ही नंतर चालू केल्याचे कोणी पाहिलेले नाही. तिसरा रामबाण : राउटरच्या डीएमझेड या रकान्यात सर्व्हरचा पत्ता टाकणे. असे केले की बाहेरून येणारे जे जे, ते सरळ त्या यंत्रावर जाते. आवाज खणखणीत येतो. “झालं ना बाप्पा चालू!” म्हणत भाऊ चहा घेतात.

त्यांची ही सवय स्काइपने लावली असावी. २००३ साली आलेले आणि मे २०२५ मध्ये बंद झालेले ते सॉफ्टवेअर फायरवॉलमधून स्वतःच वाट काढी. काहीच जमले नाही तर वेबसाइटींसाठी उघड्या असलेल्या ४४३ वरून जाई. व्हॉट्सॲपचे कॉलही कोणाला काही उघडायला लावत नाहीत. तेव्हा न विचारता आत शिरणे हा फोनच्या ॲपचा धर्म, असा भाऊंचा समज पक्का झाला. पण स्वतःचे सर्व्हर ठेवणे ही वेगळी गोष्ट. जगभरची स्वयंचलित यंत्रे रात्रंदिवस ५०६० ठोठावत फिरतात आणि खाते १००, पासवर्डही १००, असे करून पाहतात. लागले तर परदेशातल्या महागड्या क्रमांकांवर फोन जातात आणि बिल मालकाच्या नावावर फाटते. पुष्कळ ठिकाणी इंटरनेट देणारी कंपनी एकच सार्वजनिक पत्ता अनेक गिऱ्हाइकांत वाटते, त्यामुळे भाऊंनी उघडलेले दार बाहेर उघडतच नाही. तिथे कंपनीची काटकसर अब्रू राखते.

योग्य मांडणी अवघड नाही, कंटाळवाणी आहे. फोनसेवा ज्यांच्याकडून घेतली, फक्त त्यांच्या पत्त्यांनाच ५०६० किंवा ५०६१ वर येऊ द्यावे. आवाजासाठी दहा हजार पोर्ट लागत नाहीत. दहा जण एका वेळी बोलणार असतील तर शंभरही पुष्कळ. तेवढीच मर्यादा सर्व्हरवर आणि फायरवॉलवर सारखी लिहावी. सर्व्हरला त्याचा बाहेरचा पत्ता कळवावा. राउटरमधली सिप एएलजी ही सोय बंद करावी. मदत म्हणून दिलेली ही सोय निरोपातले पत्ते बदलताना बऱ्याचदा घोळ घालते. कूटबद्धतेसाठी सिपला टीएलएस आणि आवाजाला एसआरटीपी लावावे, पासवर्ड लांबलचक ठेवावेत, परदेशी कॉल लागत नसतील तर बंदच करावेत. बाहेरगावच्या शाखांनी व्हीपीएनमधून यावे. सर्व्हर सेवादाराकडे असेल आणि इथे नुसते फोन असतील, तर बाहेरून आत काहीच उघडावे लागत नाही. फोन स्वतः बाहेर नोंदणी करतात आणि वाट चालू ठेवतात.

यातले बरेचसे भाऊंना ठाऊक असते. पण याला अर्धा दिवस लागतो, डीएमझेडला दोन मिनिटे, आणि गिऱ्हाईक दोन्हींनंतर एकच प्रश्न विचारते : चालू झालं का? बंद ठेवलेल्या पोर्टचे पैसे तालुक्यात कोणी देत नाही. दोष भाऊंचा आहेच, पण त्यातला मोठा वाटा मुनिमाचा.

ज्यांच्याकडे भाऊ येऊन गेले असतील, त्यांनी राउटरच्या पानावर डीएमझेडचा रकाना एकदा पाहावा. तिथे पत्ता भरलेला दिसला तर त्यांनाच परत बोलवावे, अर्ध्या दिवसाचे पैसे आधी कबूल करावेत.