आमच्या घराण्यातले खडे

आमच्या घराण्यात पुरुषाला खडा व्हावाच लागतो. आजोबांना पित्ताशयात झाला, वडिलांना मूत्रपिंडात आणि अण्णाकाकांना (काहींना देव भरभरून देतो) दोन्हीकडे. पन्नाशी उलटली तरी माझी सोनोग्राफी स्वच्छच येत राहिली, तेव्हा नातेवाईक माझ्याकडे जरा संशयानं बघू लागले. शेवटी मलाही झाले. पण कुठे, तर पापण्यांच्या आत!

अण्णाकाकांबद्दल सांगितल्याशिवाय माझं दुःख कळायचं नाही. लग्नाची पंगत उठली, पुरुष मंडळी कार्यालयातल्या गाद्यांवर कलंडली, की काका सदऱ्याच्या खिशातून फोटोच्या रोलची काळी डबी काढत. आत कापूस आणि त्यावर तपकिरी, काटेरी मुतखडा. डबी हातोहात फिरे. एकदा तर नवरदेवानंही मुंडावळ्या बाजूला सारून ती बघितली होती. मग कथा सुरू होई : रात्रीची एसटी, घाट, पोटातली कळ आणि ड्रायव्हरनं जोडलेले हात. ‘बाळंतपण परवडलं’ हे वाक्य काका काकूंच्या देखत म्हणत आणि तीन बाळंतपणं झालेल्या काकू विडे लावत गप्प बसत. कळ दरवर्षी वाढत गेली. डबी तेवढीच राहिली म्हणून, नाहीतर खडाही वाढला असता. कुळथाचं कढण, पाषाणभेद, शहाळी यांवर काका अधिकारवाणीनं बोलत आणि लोक वहीत लिहून घेत.

पुढे 1980 साली म्युनिकच्या डॉक्टरांनी बाहेरून आघातलहरी सोडून पेशंटच्या पोटातला मुतखडा फोडून दाखवला आणि ती सोय यथावकाश आमच्या जिल्ह्याच्या गावापर्यंत आली. धाकट्या काकांच्या खड्याची वाळू होऊन वाहून गेली. दाखवायला काही उरलंच नाही. बिचारे लग्नात वाढपावर देखरेख करत राहिले.

असा हा वारसा. आणि माझ्या वाट्याला काय?

“काका, खाली बघा,” असं म्हणून डॉक्टरीणबाईंनी (मला काका!) पापणीचे केस चिमटीत धरले आणि वरची पापणी खिशाच्या अस्तरासारखी उलटी केली. मग स्लिट लॅम्पच्या प्रकाशात डोकावून म्हणाल्या, “आहेत. पिवळट पांढरे, टाचणीच्या टोकाएवढे. लोक याला कॅल्शियम म्हणतात.”

कॅल्शियम! मी ताठ बसलो. हाडांत असतं ते, संगमरवरात असतं ते.

“पण बहुतेकदा ते कॅल्शियम नसतंच,” बाई म्हणाल्या. “मेलेल्या पेशी आणि श्लेष्मा. वयानं साचतात, किंवा जुन्या ॲलर्जीनं.”

“म्हणजे चिपडं?”

“घट्ट बसलेली, असं समजा.”

घरी मी कॅल्शियमच सांगितलं. हिनं लगेच माझं दूध बंद केलं. शेजारच्या नानांनी मळलेल्या तंबाखूतला चुना कमी केला, म्हणजे स्वतःच्या. खाण्यापिण्याशी याचा संबंध नाही, हे बाईंनी बजावलं होतं. पण ते सांगायचं तर चिपडांपर्यंत जावं लागलं असतं. मी बिनदुधाचा चहा पीत राहिलो.

असे खडे कित्येकांना असतात आणि त्यांना पत्ताही नसतो. खोल रुतून बसलेला खडा काही करत नाही. माझ्या डाव्या डोळ्यातल्या एकानं मात्र अस्तर फोडून डोकं वर काढलं होतं. माणूस मिनिटाला साधारण 15 वेळा पापणी मिटतो आणि बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याइतकं मज्जातंतूंनी भरलेलं ठिकाण शरीरात क्वचितच असेल. तेव्हा प्रत्येक मिटण्याला एक ओरखडा आणि पाठोपाठ पाणी.

या पाण्यानंच घात केला. आमच्या साहेबांचा निरोप समारंभ होता. माझ्या रजेच्या अर्जांवर या गृहस्थानं इतक्या वर्षांत एकदाही सरळ सही केली नव्हती. मी पुढच्या रांगेत आणि डाव्या डोळ्यातून धार लागलेली. साहेब भाषण थांबवून खाली आले, मला मिठी मारली आणि म्हणाले, “या माणसाला मी ओळखलंच नाही.” तेव्हापासून मी हळवा म्हणून प्रसिद्ध झालो. शोकसभेत मला पुढची खुर्ची मिळू लागली. काव्यवाचनाला आग्रहाची बोलावणी येऊ लागली. कवी माझ्याकडे बघून कडवं पुन्हा म्हणत. मी रुमालाला इस्त्री करू लागलो. बाई खडा काढू म्हणत आणि मी पुढच्या महिन्यात बघू म्हणे.

मग लेक शिकायला डब्लिनला निघाली. विमानतळावर दाराशी ट्रॉली थांबवून तिनं माझ्याकडे बघितलं. “बाबा, कॅल्शियम?” मी मान हलवली. तिनं पर्समधून थेंबांची बाटली काढली, माझी हनुवटी वर केली आणि डाव्या डोळ्यात थेंब टाकला. पाणी दोन्ही डोळ्यांतून वाहत होतं. तिनं उजव्यातही एक थेंब टाकला. विचारलं काही नाही. “रोज घाल,” एवढंच म्हणाली आणि ट्रॉली ढकलत आत गेली. ही मागे उभी होती. परतीच्या टॅक्सीत तिनंही काही विचारलं नाही.

तिकडून लेकीचे रोज मेसेज, ‘काढलास का?’ शेवटी गेलो. भूल म्हणजे नुसते थेंब. डोळा असा बधिर करता येतो हे 1884 साली व्हिएन्नाच्या कार्ल कोलरनं कोकेनचं पाणी स्वतःच्या डोळ्यात घालून, वर टाचणी टेकवून सिद्ध केलं. त्याचा मित्र फ्रॉइड तेव्हा कोकेनवरच काम करत होता; पण तो वाग्दत्त वधूला भेटायला गेला आणि श्रेय हुकलं. मला या कामी फ्रॉइडच जवळचा वाटतो.

सुईचं टोक लागलं कधी आणि खडा निघाला कधी, कळलंही नाही. रात्रीची एसटी नाही, घाट नाही.

“मला घरी नेता येईल?” मी विचारलं.

“काय?”

“खडा.”

बाईंनी हातातल्या कापसाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि कापूस पिवळ्या बादलीत टाकला.

“पुन्हा होतात का हो हे?”

“होऊ शकतात,” त्या दिलगिरीच्या सुरात म्हणाल्या.

मला बरं वाटलं. लेक डिसेंबरात येते आहे आणि जानेवारीत तिला परत सोडायला जायचं आहे.