गव्हाएवढा पुढे, तांदळाएवढा मागे

कोल्हापुरात ‘काय चाललंय?’ या प्रश्नाला एकच उत्तर आहे. ‘निवांत!’ घरात लगीनघाई असो, कोर्टाची तारीख असो, नाहीतर क्लच वायर तुटून माणूस भर ताराराणी चौकात गाडी ढकलत असो, उत्तर ‘निवांत’. सगळं गाव हे उत्तर देतं आणि त्यावर कुणीच विश्वास ठेवत नाही, म्हणून बरं चाललंय. एम.ए.चं पहिलं वर्ष संपवून मी शिवाजी पेठेतल्या घरी लोळत होतो, त्या मे महिन्यात मीही हेच उत्तर दिलं. फक्त माझं खरं होतं. तिथंच फसलो.

पहिल्याच सकाळी समोरच्या काकू दारात.

‘काय चाललंय रे?’

‘निवांत, काकू.’

‘मग तेवढं लाईटबिल भरून ये की. मी गेलो असतो, पण गुडघा धरलाय.’

(आमच्याकडं बायकाही ‘मी गेलो’, ‘मी आलो’ म्हणतात. पुण्याचे पाहुणे पहिले दोन दिवस दचकतात.)

बिल भरून येईपर्यंत गल्लीभर बातमी फुटली होती : पोरगं रिकामं हाय. मग कुणाचं दळण, कुणाच्या गॅसला हात लावायला, कुणाच्या लेकीला स्टँडवर सोडायला. सायकल माझी, पण वेळापत्रक पेठेचं.

माझा बेत मात्र साधा होता. विषय इतिहास. पुढच्या वर्षाला लागणारं एक जाडजूड पुस्तक विद्यापीठाच्या ग्रंथालयातून आणलं होतं. रोज पंचवीस पानं वाचायची आणि उरलेला वेळ काहीही करायचं नाही. दुसरा भाग मला जास्त जमेल असा अंदाज होता.

मृगाच्या आत चटणी व्हायला पाहिजे, असं आईनं जाहीर केलं आणि बेत संपला. कोल्हापुरात चटणी म्हणजे वाटीत घेऊन भाकरीशी खायची गोष्ट नव्हे. ती वर्षभराची बेगमी. तिखटाला संकेश्वरी मिरची, रंगाला ब्याडगी. गच्चीवर मिरच्या वाळत घालायच्या, देठं खुडायची, कांदा चिरून उन्हात टाकायचा, खोबरं, तीळ, धने भाजायचे, लसूण सोलायचा. लसूण सोलणाऱ्या माणसाला पुस्तकाचं पान उलटता येत नाही. उलटलं, तर त्या पानाला वर्षभर लसणाचा वास येतो. हे मी करून पाहिलेलं आहे.

आणि मग डंक. पत्र्याचं शेड, मोटर, चार-पाच लोखंडी मुसळं आळीपाळीनं वर जाणारी आणि धप्पदिशी उखळात कोसळणारी. आपला नंबर आला की पिशवी रिकामी करायची आणि तिथून हलायचं नाही, ही आईची सक्त ताकीद. ‘नजर काढलीस की दुसऱ्याची चटणी आपल्यात येते.’ म्हणून मी दोन तास तोंडाला पंचा बांधून, पुस्तक मांडीवर घेऊन, मिरचीवर पहारा केला. हवाच लाल होती. शेजारचे आजोबा शिंकायचे, मग मी, मग डंकवाला सोडून सगळी रांग. डंकवाला शांतपणे चहा पीत होता.

माझ्या मांडीवरच्या पुस्तकात नेमकं शाहू महाराजांच्या वसतिगृहांचं प्रकरण उघडं होतं. १९०१ साली त्यांनी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं आणि पुढं एकेका समाजासाठी बोर्डिंगं काढत गेले. खेड्यातल्या गरीब पोरांना शहरात राहून शिकता यावं, हे कारण छापलेलं आहेच. पण घरात ठेवलं तर पोरगं डंकावर जातं, हेही महाराजांना पक्कं ठाऊक असणार, असं मला त्या दुपारी शिंकता शिंकता वाटलं.

संध्याकाळी रंकाळ्यावर गेलो. तिथल्या दगडी नंदीबद्दल म्हणतात, तो रोज गव्हाएवढा पुढे सरकतो आणि तांदळाएवढा मागे येतो. तळ्याला पोचला की प्रलय. आता तांदूळ आंबेमोहोर धरला तर नंदी थोडातरी पुढं जाईल. बासमती धरला तर तो उलटा गावात येणार. माझं वाचन बासमतीच्या हिशेबानं चाललं होतं. मनात आलं, या गावात दगडाच्या नंदीलाही रोज हेलपाटा आहे, तिथं आपण कोण?

खरा निवांतपणा मिळाला तो एकाच ठिकाणी, गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर. रात्री तिथं म्हशी येऊन उभ्या राहतात, आपल्यासमोर धार काढतात, फेसाळ ग्लास थेट हातात. माणसं कोमट दूध पीत फेसाच्या मिशा घेऊन उभी राहतात आणि कुणी कुणाला काम सांगत नाही. म्हैस तर काहीच विचारत नाही. मी रोज जायला लागलो. वजन वाढलं, पानं वाढली नाहीत.

मग एका दुपारी गच्चीवरचे सांडगे आत घेता घेता पाऊस आला, छत्र्या निघाल्या आणि वर्ग भरले. पहिल्याच दिवशी सरांनी विचारलं, सुट्टीत काय वाचलंत? मी ऐटीत पुस्तक पुढं केलं. सरांनी ते मधोमध उघडलं. पानावर माझ्या पाची बोटांचे लाल ठसे. सरांना जोराचा ठसका लागला.

‘संकेश्वरी?’ डोळे पुसत त्यांनी विचारलं.

‘होय सर. आणि रंगाला थोडी ब्याडगी.’