सगळ्याची माती

सकाळी साडेसातला आमच्या दाराची बेल वाजते, तेव्हा दूधवाला येऊन गेलेला असतो आणि पेपर दारात पडलेला असतो. बाहेर नाना असतात. अंगात गंजीफ्रॉक, हातात झाकणाची बादली. "काय सोललंत आज?" हाच त्यांचा नमस्कार.

नाना सरकारी लेखापरीक्षक म्हणून निवृत्त झाले. जन्मभर दुसऱ्यांची दप्तरं उघडली, आता दुसऱ्यांचा कचरा उघडतात. बादलीत डोकावून आक्षेप नोंदवतात. "ही कालची उसळ. तेलकट चालणार नाही, परत घ्या. लिंबाच्या साली प्रमाणाबाहेर. खुलासा?" दुसऱ्या मजल्यावरच्या मधुमेही काकांच्या घरून आंब्याच्या चार कोयी निघाल्या, तेव्हा नाना काकांच्या बायकोसमोरच म्हणाले, "कोयी कुजायला फार दिवस लागतात हो." कोयींचं पुढे जे व्हायचं ते झालं, काकांचं काय झालं ते मात्र सगळ्या जिन्यानं ऐकलं.

हे सारं सुरू झालं सेंद्रिय परसबागेवरच्या एका व्याख्यानानं. बाजारातली भाजी म्हणजे विष, एवढं ऐकून नाना निघाले ते 10 कुंड्या आणि 12 प्रकारचं बी घेऊनच घरी आले. पुण्याच्या मे महिन्यात, चौथ्या मजल्यावरच्या गच्चीत त्यांनी ब्रोकोली लावली. ब्रोकोली आली नाही. पालक आला, तो कबुतरांनी नेला. मिरचीवर मावा पडला आणि जास्वंदीवर पिठ्या ढेकूण. मग लिटरभर पाण्यात 5 मिली कडुनिंबाचं तेल टाकून फवारा झाला. तेल पाण्यात मिसळेना, तेव्हा कुणीतरी सांगितलं, थोडा साबण घाला. नानांचा हात सढळ. दुसऱ्या दिवशी ढेकूण होते तिथेच होते, फक्त स्वच्छ दिसत होते.

याच सुमारास त्यांच्या कानावर एक वाक्य पडलं, झाडाला नव्हे, मातीला खायला घाला. त्या दिवसापासून नाना झाडं विसरले.

आता मातीचं खाणं म्हणजे जीवामृत. त्याचा प्रसार करणाऱ्या सुभाष पाळेकरांना 2016 साली पद्मश्री मिळाली, हे नाना आपल्या सख्ख्या चुलत्याला मिळाल्यासारखं सांगतात. एकराला 200 लिटर पाणी, 10 किलो शेण, गोमूत्र, 2 किलो गूळ, 2 किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती. नानांनी सगळ्याला दहानं भागलं. ताजं शेण, तेही देशी गाईचंच हवं, म्हणून कात्रजच्या पलीकडच्या गोठ्यातून ते डब्यात भरून बसनं आणलं. त्या दिवशी खच्चून भरलेल्या बसमध्ये नानांच्या शेजारची जागा शेवटच्या थांब्यापर्यंत रिकामी राहिली. बांध काही सापडला नाही, म्हणून माती सोसायटीच्या कुंपणाची. संध्याकाळी नानांच्या पत्नीनं, काकूंनी, भज्यांसाठी बेसनाचा डबा उघडला, तर तळाला चमचा वाजला.

"उभ्या आयुष्याची माती केलीत," काकू म्हणाल्या, "आता बेसनाचीही करा."

"होईल, 2 दिवसांत," नाना म्हणाले. ते पिंपात काठी फिरवत होते.

घरोघरच्या सालींतून गच्चीवर रचलेल्या खताच्या ढिगाची तर ते लेकराची घ्यावी तशी काळजी घेतात. ओल्याच्या दुप्पट वाळकं हे त्यांचं सूत्र. वास आला तर ओलं जास्त झालं, पालापाचोळा घाला. ढीग थंड पडला तर वाळकं जास्त, साली घाला. रस्ता झाडणाऱ्या बाईंनी पाला पेटवायच्या आत नाना पोतं घेऊन तिथे हजर. एकदा ढिगाला ताप भरला, म्हणून त्यांनी घरातलाच थर्मामीटर खुपसला. पारा 42 वर जाऊन टेकला. नाना खालपर्यंत ओरडत आले, "आमचं तापलं!" काकू औषधाचा डबा घेऊन धावल्या.

दीड वर्षात कुंडीतून काही हाती लागलं नाही. उगवलं ते ढिगातच. कुणी न लावलेला एक लाल भोपळ्याचा वेल बाहेर पडला, टाकीवर चढला आणि डिशच्या छत्रीला मिठी मारून बसला. आधी नुसती नरफुलं आली. नाना कासावीस. मग एके दिवशी बुडाशी इवलासा भोपळा घेऊन मादीफूल उमललं. गच्चीवर मधमाशी फिरकेना, म्हणून सकाळी सहाला नानांनी स्वतः मध्यस्थी केली. नरफुलाच्या पाकळ्या काढून परागांचा दांडा मादीफुलात अलगद फिरवला. गच्चीवर सूर्यनमस्कार घालायला आलेले सेक्रेटरी पाठ फिरवून उभे राहिले.

भोपळा 4 किलोचा झाला आणि मालकीचा वाद उभा राहिला. बी आमच्या कचऱ्यातलं, असं पाच घरांचं म्हणणं. नानांनी शांतपणे आवक-वही काढली. रोजची नोंद, घरवार, वजनासह. बोट फिरत फिरत एका ओळीवर थांबलं. भोपळ्याच्या बिया, एक वाटी, स्वगृह.

"मंडईतून आणला होता मी," काकू म्हणाल्या. "म्हणजे तुमच्या त्या विषाचंच लेकरू."

नाना क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, "आजोळ काही का असेना, वाढला आपल्या मातीत."

भोपळा कापून घरोघर वाटला. आमच्याकडे त्याचे घारगे झाले, आणि खोटं का बोला, उत्तम झाले. दुसऱ्या दिवशी साडेसातला बेल वाजली. घारगे कसे झाले, हे नानांनी विचारलंच नाही. बादलीचं झाकण उघडून म्हणाले, "साली द्या. वजनात 100 ग्रॅमची तूट येतेय."