पेरभर मासे, हातभर सेवा

मुदखेड जंक्शनवर उतरलं की आदिलाबादकडची गाडी मिळते, मोगऱ्या-गुलाबाची फुलं मिळतात, आणि ओळखीचा एखादा माणूस मिळतो तो चहा पाजल्याशिवाय सोडत नाही. निऑन टेट्रा मासे मात्र मिळत नाहीत. ते नांदेडहून आणावे लागतात. निवृत्तीनंतर माणसानं काहीतरी छंद लावून घ्यावा असं पुण्याच्या चिरंजीवांनी फोनवर सुचवलं, तेव्हा त्यांच्या मनात बहुधा सकाळचं फिरणं असावं. मी दोन फुटी काचेची टाकी आणली.

टाकीत पन्नासेक लिटर पाणी मावतं, हे मी कौतुकानं घरात जाहीर केलं. आता, आमच्या सौभाग्यवतींचं माहेर लातूर. 2016च्या एप्रिलमध्ये मिरजेहून ज्या गावाला रेल्वेनं पाणी न्यावं लागलं, पहिल्या गाडीला दहा वाघिणी आणि त्यांत पाच लाख लिटर पाणी, ते लातूर. त्या गावची लेक डाळ धुतलेलं पाणीसुद्धा तुळशीला घालते. तिनं टाकीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि शांतपणे विचारलं, "अहो, पाण्याशिवाय राहणारे मासे नव्हते का दुकानात?"

पण मासे अजून यायचेच होते. दुकानदारानं बजावलं होतं, "सर, महिनाभर नुसतं पाणी फिरवा. फिल्टर चालू ठेवा, रोज चिमूटभर खाद्य टाका. ते कुजून अमोनिया होतो, त्यावर जिवाणू वाढतात. ते एकदा बसले की मग मासे न्या." अमोनियाचं नायट्राइट, नायट्राइटचं नायट्रेट, हे नत्रचक्र मी उभा जन्म फळ्यावर बाण काढून शिकवलं, ते निवृत्तीनंतर दिवाणखान्यात येऊन बसेल असं वाटलं नव्हतं. टाकी आली म्हटल्यावर सगळी गल्ली बघायला आली.

"सर, मासे कुठं हायत?"

"अजून नाहीत. आधी जिवाणू येतात."

"मग ह्ये खायला कुणाला टाकायलाव?"

"जिवाणूंना."

"दिसत न्हाईत की."

संध्याकाळपर्यंत गावभर झालं, की सरांना न दिसणारे मासे दिसायलेत.

महिना संपल्यावर नांदेडला जाऊन मी रुबाबात म्हणालो, "एक जोडी द्या." दुकानदार म्हणाला, "सर, हे जोडीनं नांदत न्हाईत. ह्यांना झुंड लागते. सहा तरी घ्या, दहा घेतले तर उत्तम." दोघंच ठेवले तर म्हणे भेदरून कोपऱ्यात बसतात. हे ऐकून मला आमचे पहिले दिवस आठवले आणि मी निमूट दहा घेतले. परतीच्या पॅसेंजरमध्ये ती फुगलेली पिशवी मांडीवर धरून बसलो होतो. शेजारी फुलं विकून परतणारी एक मावशी रिकाम्या पाट्यांवर टेकली होती. मुगट स्टेशन मागं पडेपर्यंत तिनं धीर धरला, मग म्हणाली, "खायचे हायत का?" म्हटलं, "नाही, बघायचे." तिनं पिशवीजवळ डोळा नेला आणि म्हणाली, "बरं झालं. ह्यात कुणाचं पोट भरलं असतं?"

टाकीत सोडल्यावर मात्र मी पाहतच राहिलो. पेराएवढा एकेक जीव, डोळ्यापासून पाठीपर्यंत निळी चमकती रेघ, मागच्या अर्ध्या अंगाला लाल पट्टा. आणि दहाच्या दहा एकदम वळणार, एकदम थांबणार. प्रत्येकाचं लक्ष शेजाऱ्यावर, शिवाय पाण्याची हालचाल अंगाच्या बाजूनं टिपणारी संवेदी रेषा; शिकाऱ्याला कळू नये की नेमका कुणाला धरावा, म्हणून ही सगळी कवायत. परिपाठाच्या रांगेसाठी मी वर्षानुवर्षं शिट्ट्या फुंकल्या, सातवी ब कधी एका बाजूला वळली नाही.

पुढचा प्रश्न पाण्याचा. ही मंडळी मूळची अॅमेझॉनच्या खोऱ्यातली. तिथलं पाणी मऊ, पडलेल्या पानांनी चहासारखं तांबूस झालेलं. आमच्या बोअरचं पाणी असं, की गिझरची कॉइल वर्षभरात पांढरी होते. म्हणून मी जारवाल्याला एक जार टाकायला सांगितला, ते पाणी बोअरच्या पाण्यात मिसळलं आणि शाळेच्या मैदानातली देशी बदामाची वाळकी पानं पिशवीभर वेचून आणून टाकीत सोडली. पाण्याला झकास रंग चढला. पाहुणे विचारायचे, "काही पडलंय का ह्याच्यात?" हिचं म्हणणं, मासे जारचं पितात आणि माणसं बोअरचं, तर निदान आधार कार्ड तरी त्यांचं काढून घ्या.

मे महिन्यात एका रात्री लाइट गेली. फिल्टर बंद, हवेचा पंप बंद, खोलीची भट्टी. मी टॉर्च मारला आणि हातपाय गळाले: माशांचा रंगच गेला होता! निळी रेघ नाही, लाल पट्टा नाही, दहा फिकट भुतं एका जागी तरंगतायत. प्राणवायू संपला, दुसरं काय असणार? देवघरातला तांब्या उचलला, टाकीतलंच पाणी भरून घेतलं आणि हातभर उंचीवरून बारीक धार धरली, म्हणजे पाण्यात हवा मिसळेल. भरला, ओतला, भरला, ओतला. अंगात बनियन, तोंडात टॉर्च. धारेच्या आवाजानं आई उठली.

"अभिषेक करायलास का रे?"

तोंडात टॉर्च असल्यामुळं मी नुसता हुंकार भरला. तिनं तो होकार धरला, बाजूला पाट घेतला आणि पाठ असलेलं सगळं म्हणायला सुरुवात केली. लाइट येईपर्यंत माझी धार आणि तिचं स्तोत्र चालू होतं. सकाळी दहाही मासे निळे-लाल, झकास. निऑन टेट्रा अंधारात रोजच रंग मिटून घेतात आणि उजाडल्यावर पुन्हा खुलतात, हे मला दुकानदारानं नंतर फोनवर सांगितलं. आईला ते पटलेलं नाही. अजूनही लाइट गेली की ती आधी तांब्या शोधते.

खरी माया मात्र मी खाऊ घालण्यात केली. येता चिमूट, जाता चिमूट; ते काचेशी येऊन तोंड उघडत, मला गहिवरून येई. माशाचं पोट त्याच्या डोळ्याएवढं, हे दुकानदारानं सांगितलेलं होतं, पण पाहुण्याला अर्धपोटी उठवणं मराठवाड्यात बसत नाही. उरलेलं तळाशी कुजे, पाणी गढूळ होई, मग मी भारावून सगळं पाणी बदले, म्हणजे जिवाणू घाबरत, मासे घाबरत आणि जारवाला खूश होई. अमेरिकेतल्या विल्यम इनिस नावाच्या मत्स्यशौकिनाचं नाव 1936 साली या माशाच्या शास्त्रीय नावात गुंफलं गेलं. माझ्या असल्या सेवेवर माझ्या नावाची वाटच पाहत बसावं लागणार.

मग नातवाच्या मुंजीआधी मला पुण्याला जावं लागलं. निघताना हिला दोन पानी सूचना लिहून दिल्या. परत आलो तर पाणी काचेसारखं, मासे टवटवीत, झुंड एकसंध आणि अंगणातला मोगरा लगडलेला. "काय केलंस?"

"काही नाही. एक दिवसाआड चिमूट टाकली. रविवारी चार बादल्यांतली एक बदलावी तसं चौथाई पाणी काढलं आणि मोगऱ्याला घातलं."

"आणि माझ्या सूचना?"

"त्या वाचायला वेळ कुणाला होता?"

तेव्हापासून खाद्याची डबी कपाटात दागिन्यांशेजारी असते आणि किल्ली हिच्या कमरेला. येणारेजाणारे टाकीचं कौतुक करतात, मी ते विनयानं स्वीकारतो. मलाही काम आहे. काच मी पुसतो. बाहेरून.