गाडी गरम होऊ द्या जरा

डिसेंबर लागला की वर्ध्याला खेटून असलेल्या सिंदी मेघेत सकाळचा पारा 10 अंशांच्या आसपास येतो. मे महिन्यात हाच पारा 45 च्या पुढे जाऊन बसलेला असतो, त्यामुळे इथल्या माणसाला 10 अंश म्हणजे काय वाटतं ते नाशिककरांनी सांगू नये. अशा सकाळी स्वेटर, मफलर आणि कानटोपी घातलेले गृहस्थ गल्लीत उभे असतात आणि शेजारी त्यांची मोटार घरघरत असते. ती कुठे निघालेली नसते, गरम होत असते. हे काम बहुतेक जण ऐकीव माहितीवर उरकतात, म्हणून हे मार्गदर्शन. त्यासाठी मुळातला प्रश्न आधी सोडवला पाहिजे: गाडी तापवायची ती कोणासाठी? आमचं मत असं, की इंजिनासाठी मुळीच नाही. एवढं मान्य केलं की पुढचा सगळा विधी सुसंगत वाटू लागतो.

इंजिनाचं म्हणणं ऐकून घेऊ. चावी फिरवल्यावर ऑइल पंप काही सेकंदांत तेल सगळीकडे पोचवतो. तेलाच्या डब्यावर 5डब्ल्यू-30 असं काहीतरी छापलेलं असतं. त्यातला डब्ल्यू हिवाळ्याचा, आणि 5 च्या श्रेणीतल्या तेलाची थंडीतली परीक्षा शून्याखाली 30 अंशांवर घेतात. त्या तेलाला सिंदी मेघेची थंडी ही थंडी वाटतच नाही. आजच्या पेट्रोल गाडीत इंधन किती सोडायचं हे सेन्सर आणि कॉम्प्युटर मिळून ठरवतात. इंजिन गार असेपर्यंत ते पेट्रोल जरा सढळ हाताने सोडतात. गाडी जागेवर जितका वेळ घरघरत राहील तितकं हे जास्तीचं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचा तेलाचा थर धुऊन काढतं आणि खाली उतरून तेल पातळ करतं. शिवाय उभ्या गाडीचं इंजिन काम कमी करतं म्हणून तापतंही उशिरा. तापमानाचा काटा चालत्या गाडीत मात्र लवकर वर येतो. गिअरबॉक्स, बेअरिंग आणि टायर तर चाक फिरल्याशिवाय गरम होणारच नाहीत. धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही साधारण 250-300 अंशांना पोचेपर्यंत नीट कामाला लागत नाही, म्हणजे तोवरचा धूर जवळजवळ कच्चाच गल्लीत जातो. तेव्हा अर्धा मिनिट थांबा, निघा, आणि काटा वर येईपर्यंत रेस जोरात देऊ नका, एवढंच इंजिनाचं मागणं. पण इंजिनाला विचारतो कोण?

यावर जाणते लोक म्हणतील, आमच्या वेळी गाडी तापवल्याशिवाय हलत नव्हती. खरं आहे, आणि ते अज्ञानातून बोलत नाहीत. 1983 साली आलेल्या मारुती 800 मध्ये कार्ब्युरेटर होता. थंडीत पेट्रोलची नीट वाफ होत नसे; चोक ओढायचा, इंजिन भानावर येईपर्यंत वाट पाहायची, नाहीतर पहिल्याच वळणावर गाडी बंद. वर्ध्याच्या जमनालाल बजाजांचं आडनाव मिरवणारी चेतक स्कूटर तर आधी एका अंगावर तिरकी करायची, मग चोक, मग किक, मग आणखी किक. तेव्हाचा नियम तेव्हाच्या यंत्राला बरोबर लागू होता. पुढे नव्या मोटारींतून कार्ब्युरेटर गेला, 2020 च्या एप्रिलपासून धुराचे बीएस-6 निकष आले, नियम मात्र वारसाहक्काने चालत राहिला. डिझेलवाल्यांची हरकत थोडी निराळी. त्यांनी डॅशबोर्डवरचा हीटरचा दिवा विझेपर्यंत जरूर थांबावं आणि निघाल्यावर टर्बोला लगेच ताण देऊ नये. पण दिवा काही सेकंदांत विझतो, 10 मिनिटं लावत नाही. खरी अडचण लडाखात. तिथे डिझेल गोठतं, म्हणून इंडियन ऑइलने 2019 मध्ये शून्याखाली 33 अंशांपर्यंत न गोठणारं हिवाळी डिझेल आणलं. सिंदी मेघेत डिझेल गोठल्याची तक्रार घेऊन पंपावर जाऊ नये, पंपावरची पोरं हसतील.

आता विधी. त्याचे पहिले लाभार्थी शेजारी. गाडी चालू करून आत बसून राहिलात तर सगळं वाया गेलं, कोणाला दिसणार? बाहेर यावं, बॉनेटवर तापकरी पोराच्या कपाळावर ठेवावा तसा हात ठेवावा आणि मान हलवावी. मग फडक्याने काचेवरचं दव पुसावं, एकदा आतून आणि एकदा बाहेरून. एवढ्यात समोरच्या घरातून प्रश्न येतोच, "काऊन भाऊ, सकाऊन-सकाऊन कुठं?" यावर "कुठं नाई, गाडी गरम करून राह्यलो" हेच उत्तर द्यावं. त्यात गाडी आहे, ती चांगल्या निगराणीत आहे आणि मालकाला यंत्रातलं कळतं, या तिन्ही गोष्टी येतात. गाडी सार्वजनिक रस्त्यावर असेल तर मोटार वाहन कायद्याचं कलम 126 आड येतं: चालकाच्या जागी लायसन्सवाला माणूस बसलेला नसेल, तर इंजिन बंद आणि ब्रेक लावलेला हवा. म्हणून प्रेक्षकांशी बोलायला बाहेर येताना घरातला एखादा लायसन्सधारक आत बसवून ठेवावा, कानटोपीसकट. दुसरा लाभार्थी घरातच असतो. मंडळी अजून तयार होत असतात आणि "आटपा लवकर" म्हणण्याची सोय नसते. चालू इंजिन हा निरोप फाटकातून आत पोचवतं, आणि भांडणाचा दोष गाडीवर जातो.

शेवटची हरकत गंभीर आहे. हा गांधीजींच्या सेवाग्रामचा जिल्हा. वर्ध्याच्या मगनवाडीत 1934 साली ग्रामोद्योग संघ उभा राहिला, गांधीवादी अर्थतज्ज्ञ कुमारप्पा तिथे बसून गावच्या साधनांचा हिशेब मांडत, आणि रॉकेलऐवजी घाण्याच्या तेलावर जळणारा मगनदीप तिथे घडला. त्याच मुलखात पेट्रोल जागच्या जागी जाळायचं? हिशेब करू. लहान गाडी उभ्या उभ्या तासाला अर्धा-पाऊण लिटर तरी पिते, म्हणजे 10 मिनिटांत साधारण 100 मिलिलिटर. तेवढ्यात गाडी दीड-दोन किलोमीटर गेली असती, आणि सिंदी मेघेहून वर्धा शहरात शिरायला तेवढं पुरतं. म्हणजे शहर गाठण्याइतकं पेट्रोल निघण्याआधीच संपतं. रुपयांत मोजलं तर दहाएक रुपये, आणि वाढदिवसाच्या फ्लेक्सपेक्षा ही प्रतिष्ठा फारच स्वस्त पडते, हे आमचं उत्तर. कुमारप्पांना ते पटलं नसतं. त्यांनी बहुधा असंही विचारलं असतं, की भाजीसाठी दोन किलोमीटर जायचं तर मोटार काढलीच कशाला? एवढ्या अंतरात इंजिन पुरतं तापतच नाही, तेलात पाणी साचत राहतं, आणि सायकल मात्र पहिल्या पायडलला तयार असते. या मुद्द्यावर आमच्याकडे उत्तर नाही.

एक सूचना मात्र थट्टेतली नाही. शटर लावलेल्या गॅरेजमध्ये किंवा बंद पोर्चमध्ये गाडी चालू ठेवू नका. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि बंद जागेत तो काही मिनिटांत माणसाला बेशुद्ध करू शकतो. आधी शटर उघडा, गाडी बाहेर काढा, मुलांना धुराच्या नळीपासून लांब ठेवा. मग शेजाऱ्यांना दाखवायची तितकी दाखवा.